घरच्या घरी लग्न : ६० माणसं, एक अंगण, दीड संडास

पोहेवाली
नमस्कार मंडळी. कैक वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

माझं लग्न ठरलंय, माघात करायचं आहे. मी इंदूरची, घर राजेंद्रनगरला, आजोबांनी बांधलेलं. पुढे अंगण, एक आंब्याचं झाड, वर गच्ची. मुलगा बडनगरचा, त्यांच्या घरी माळवी बोलतात. आम्हा दोघांनाही गार्डनमधलं लग्न नको आहे. गेल्या दोन वर्षांत इतकी लग्नं जेवले की आता सगळ्या नवऱ्या सारख्याच दिसतात. रांगेत उभं राहायचं, स्टेजवर जाऊन लिफाफा द्यायचा, फोटोवाला म्हणेल तिकडे बघायचं आणि चाटच्या स्टॉलकडे पळायचं.

म्हणून अंगणातच. ६० माणसं. सकाळी लग्न, दुपारी पंगत, चारला चहा, मग जो तो आपल्या घरी. विधी मोजकेच. कन्यादान नको, हे माझं पक्कं आहे. अंतरपाट, मंगलाष्टका, सप्तपदी हवी. गुरुजी बोलवायचे की नाही यावर आमच्याकडे रोज रात्री जेवताना संसद भरते. बाबा म्हणतात, त्यापेक्षा कोर्टात सही करून मोकळे व्हा.

प्रश्न एवढाच : ज्यांनी घरी कार्य केलंय त्यांनी सांगा, काय विसरलात? काय करायला नको होतं?

गराडू
अभिनंदन! ६० हा आकडा कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, खाली तारीख घाला. मग दर रविवारी नवा आकडा लिहीत जा. आमच्याकडे ५० पासून सुरुवात झाली होती, १४२ पानं उठली. वडिलांनी पेपरवाल्यालासुद्धा आमंत्रण दिलं होतं.

कानपिळ्या
मग पेपरवाला आला का?

गराडू
सहकुटुंब.

जुना_राजवाडा
आजकालच्या मुलांना घरच्या लग्नाची हौस वाटते याची गंमत वाटते. आमच्या लहानपणी घरीच व्हायची, कारण दुसरं काही परवडायचं नाही. थोरल्या आत्याचं लग्न स्नेहलतागंजच्या घरी झालं. वऱ्हाड शेजारच्या तीन घरांत उतरलं होतं. त्या घरांतली माणसं आमच्या गच्चीवर झोपली, आणि कोणाला त्यात विशेष काही वाटलं नाही. आचारी दोन दिवस आधी येऊन मागच्या बोळात भट्टी लावायचा. लाडू वळायला अख्खी आळी बसायची. आम्हा पोरांचं काम अंघोळीचं पाणी तापवण्याचं.

ताई, ६० माणसांचं तुमचं गणित मला काही पटलं नाही. आमचे नुसते आतेभाऊ मोजले तरी ६० व्हायचे. कोणाला बोलावलं नाही हे लोक वीस वर्षं विसरत नाहीत, काय जेवले ते मात्र आठवड्यात विसरतात.

बाफला
@जुना_राजवाडा काका, तुमच्या आत्याच्या लग्नात ते लाडू कोण वळत होतं आणि कोण नुसतं खात होतं तेही सांगा की.

जुना_राजवाडा
खात होतो, कबूल.

लष्करवाला
मी ग्वाल्हेरचा, वकिली करतो. "कोर्टात सही करून मोकळे व्हा" यावर थोडं लिहितो, कारण यात फार गोंधळ असतो.

दोन रस्ते आहेत. पहिला विशेष विवाह कायदा, १९५४. यात दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहतो आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती लागते, ३० दिवस हरकतींची वाट बघायची, मग ३ साक्षीदारांसमोर लग्न. नोटिशीपासून ३ महिन्यांच्या आत उरकायला हवं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. माघ म्हणताय, तर हा रस्ता घेणार असाल तर आत्ताच हला. बऱ्याच लोकांना ठाऊक नसतं, की जादा शुल्क भरलं तर अधिकारी वाजवी अंतरावरच्या दुसऱ्या ठिकाणीही येऊ शकतात, म्हणजे तुमच्या अंगणातही.

दुसरा हिंदू विवाह कायदा, १९५५. दोघंही हिंदू असाल तर जात, भाषा वेगळी असली तरी हाच चालतो, नोटिशीची गरज नाही. पण इथे लग्न विधीने होतं, सहीने नाही. दोघांपैकी कोणाच्याही घरच्या रीतीने विधी करा. सप्तपदी त्या रीतीत असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण झालं. नोंदणी त्यानंतर. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हेच बजावलं : विधी केलेच नाहीत आणि नुसतं प्रमाणपत्र काढलं, तर या कायद्याखाली ते लग्नच नव्हे.

आणि कन्यादान. अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्याच वर्षी म्हटलं आहे की या कायद्याखाली लग्न वैध ठरायला कन्यादान आवश्यक नाही. तेव्हा त्या बाबतीत बिनघोर राहा.

एक व्यवहारातली गोष्ट. नोंदणीच्या वेळी बहुतेक ठिकाणी लग्नपत्रिका मागतात. साधं लग्न म्हणून लोक पत्रिका छापत नाहीत आणि मग तिथे अडकतात. २५ का होईना, छापा. सप्तपदीचे फोटो नीट काढून ठेवा, पावलं दिसतील असे.

पोहेवाली
वकीलसाहेब, मनापासून आभार. हे आज जेवताना वाचून दाखवते. पत्रिकेचं तर डोक्यातच नव्हतं, आम्ही फोनवरच एक चित्र पाठवणार होतो.

कानपिळ्या
पावलांचे फोटो काढायचे म्हणजे पेडिक्युअरचा खर्च धरा.

नर्मदामाई
सगळे विधींवर बोलून राहिले, पाण्याचं कोणी बोलत नाही. राजेंद्रनगरला तुमच्याकडे नळ रोज येतो का? आमच्याकडे एक दिवसाआड. ७० किलोमीटरवरून, जलूदहून डोंगर चढून येणारं नर्मदेचं पाणी ते, त्याला तुमच्या मुहूर्ताशी काय घेणंदेणं! आमच्या दिराच्या लग्नात मुहूर्त निघाला बिननळाच्या दिवशी. आदल्या दिवशी वऱ्हाडाने अंघोळी केल्या आणि रात्री टाकी ठणठणीत. टँकरवाला पहाटे पाचला आला, त्याची गाडी मांडवाच्या कमानीत अडकली. कमान काढली तेव्हा पाणी मिळालं.

पंचांग नंतर बघा, आधी नळाचा दिवस बघा. आणि ६० माणसांना संडास किती?

पोहेवाली
दीड. एक घरातला, एक अंगणाच्या कोपऱ्यातला जुना. त्याची कडी आतून लागत नाही.

नर्मदामाई
उद्याच्या उद्या कडी बसवा. लग्नाचं पहिलं काम ते.

अंतरपाट
मंगलाष्टकांबद्दल. घरच्या लग्नात कोणी ना कोणी "मी स्वतः रचल्या आहेत" म्हणत उठतोच. उठू दे, पण आधी एकदा मोठ्याने म्हणून घ्या. मंगलाष्टक शार्दूलविक्रीडित वृत्तात असतं, ओळीला १९ अक्षरं, बाराव्यावर थांबा. माझ्या चुलत सासऱ्यांनी रचलेल्या एका ओळीत २६ होती. सगळ्या नातवंडांची नावं घालायची होती त्यांना. श्वास पुरेना, शेवटची दोन नातवंडं पुढच्या ओळीत ढकलली. ती दोघं अजून आजोबांशी धड बोलत नाहीत.

आमच्याकडे एक छान झालं होतं. प्रत्येक कडवं वेगळ्या माणसाने म्हटलं. एक आजीने, एक मोलकरीण मावशींच्या मुलीने, ती शाळेत गाते. शेवटचं सगळ्यांनी मिळून. अंतरपाट आजीच्या जुन्या माहेश्वरीचा केला होता. त्याचे दोन्ही कोपरे धरून उभ्या असलेल्या मामांचे हात भरून आले, एवढं लांबलं. आठपेक्षा जास्त कडवी नकोत हो.

शून्य_कचरा
अक्षतांचं काय करणार? ६० माणसांना मूठमूठ तांदूळ म्हणजे दोनअडीच किलो सहज पायाखाली. आम्ही झेंडूच्या पाकळ्या ठेवल्या होत्या, चिमूटभर तांदूळ शास्त्रापुरते. पाकळ्या नंतर आंब्याच्या बुंध्याशी टाकल्या.

ताटं प्लॅस्टिकची किंवा थर्माकोलची आणू नका. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर काढणाऱ्या शहरात आपल्याच दारात कचऱ्याचा ढीग म्हणजे लाज. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी येते, तिच्यावरचे भाऊ ओलं-सुकं एकत्र दिसलं की डबा परत देतात. स्टीलची ताटं भाड्याने आणा.

नर्मदामाई
आणि ती धुवायची कशाने, गंगाजलाने?

शून्य_कचरा
हा मुद्दा बरोबर आहे. मग पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण. सगळं ओल्यात जातं. फक्त मठ्ठ्याला पेले स्टीलचे ठेवा, द्रोणातला मठ्ठा कोणाच्या तरी सोवळ्यावर जातोच.

गराडू
आता खरं काही बोला. जेवायला काय?

पोहेवाली
बाबांना पंगतच हवी. वरण-भात, मसालेभात, बटाट्याची भाजी, अळूचं फतफतं, कोशिंबीर, पुऱ्या, श्रीखंड, मठ्ठा. तिकडच्यांना बाफल्यांशिवाय, म्हणजे उकडून भाजलेल्या बाट्यांशिवाय, जेवण झाल्यासारखं वाटत नाही. सकाळी पोहे-जिलेबी, त्यावर दोन्ही घरांचं एकमत आहे. देशातला बहुतेक हा एकमेव बिनविरोध ठराव.

आचारी_नाही_हौशी
मी ५०-६० माणसांचं बऱ्याचदा केलंय, अंदाज सांगतो. भाताला साधा आणि मसालेभात मिळून ५ किलो तांदूळ. तूरडाळ २ किलो. पुऱ्यांना ५ किलो कणीक. बटाटे ७-८ किलो. श्रीखंड माणशी सव्वाशे ग्रॅम धरलं तर साडेसात किलो, पण वाढायला कोण आहे त्यावर आहे सगळं. आग्रह करणारा काका असेल तर ९ धरा.

भाजी आदल्या दिवशी सकाळी चोइथराम मंडीतून, किराणा सियागंजातून. भट्टी गच्चीवर नको, अंगणाच्या मागच्या बाजूला लावा. आणि घरचे १४.२ किलोचे सिलिंडर एकाला एक जोडून हलवायाला देऊ नका. ते नियमात बसत नाही आणि धोक्याचंही आहे. त्याला त्याचा १९ किलोचा आणायला सांगा.

बाफले आणि पुऱ्या दोन्ही एकाच जेवणात नकोत. मोठ्या पानावर बसलेला माणूस चारचा चहा प्यायला उठणारच नाही.

बाफला
आयडी माझा असला तरी याला माझं अनुमोदन. मी मराठी, सासर उज्जैनकडचं माळवी. बाफले आदल्या रात्री करा, हळदीच्या जेवणाला. तिकडचे खूश, आणि तुमची पंगत तुमची.

बाकी त्यांच्या रीती आधी विचारून घ्या, म्हणजे ऐन वेळी फजिती नको. तोरणाचा मान असतो, नवरा दारावरच्या तोरणाला काठी लावून आत येतो. मामेरं, म्हणजे मामाकडचा आहेर, घेऊन मामा येतात, त्यांना कुठे बसवायचं ते ठरवा. तुमच्याकडेही नवरीला अंतरपाटाशी मामाच आणतात ना, दोन्ही मामांना शेजारी शेजारी पाट द्या. माझ्या लग्नात ते दोघे एवढे जमले की आम्ही मुंबईला निघालो तेव्हा स्टेशनवर आम्हाला सोडायला कोणी नव्हतं, ते दोघे सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत खात होते.

घोडीचं मात्र आत्ताच स्पष्ट बोला. चौकापासून तुमच्या दारापर्यंत २०० पावलं असतील. तेवढ्यासाठीही घोडी हवी म्हणतील.

कानपिळ्या
घोडीला नंतर कुठे उभं करणार? आंब्याला मोहर असेल हो माघात. खाऊन टाकेल.

जुना_राजवाडा
लग्न गावाबाहेर नेण्याची परंपरा इंदूरला जुनी आहे. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १९२६ मध्ये गादी सोडली आणि १९२८ मध्ये नॅन्सी मिलर या अमेरिकन मुलीशी लग्न केलं, तिचं नाव शर्मिष्ठादेवी ठेवलं. ते लग्न इंदुरात नाही, बडवाहला झालं. तेव्हा तुम्हीही...

गराडू
काका, त्यात माणसं ६० होती का?

जुना_राजवाडा
नसावीत. हत्तीच तेवढे असतील.

सत्यवचन
माझं मत वेगळं. गुरुजी नको, होम नको, कन्यादान नको, मग अंतरपाट तरी कशाला? अर्धं ठेवायचं, अर्धं सोडायचं, हे सोयीचं पुरोगामित्व. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि भटजीशिवाय लग्नं लावून दाखवली, नवरा-नवरी एकमेकांना वचन देतात, संपलं. तेवढी तरी हिंमत दाखवा.

पोहेवाली
@सत्यवचन तुमचं म्हणणं कळतंय. पण मला अंतरपाट आवडतो. पाचेक मिनिटं समोरचा माणूस दिसत नाही, फक्त त्याचे पाय दिसतात, आणि मग एकदम दिसतो. यामागे तत्त्वज्ञान काही नाही. आवडतो म्हणून ठेवतेय. आणि गुरुजी नकोत असं मी म्हटलंच नाही, संसद चालू आहे.

लष्करवाला
सत्यशोधक पद्धतीनेही घरी लग्न लागतंच की. फक्त कायद्याच्या बाजूने, कुठल्या रीतीने केलं ते नोंदणीच्या कागदावर सरळ लिहा, म्हणजे पुढे प्रश्न येत नाहीत.

अंतरपाट
पुण्याला ज्ञानप्रबोधिनीत स्त्रियाही पौरोहित्य शिकतात आणि प्रत्येक विधीचा अर्थ मराठीत सांगत लग्न लावतात. तशा बाई मिळाल्या तर बघा. तिकडच्या लोकांसाठी कोणीतरी एकेक वाक्य हिंदीतही सांगा. सातव्या पावलाला काय म्हणतात हे बडनगरच्या आजींनाही कळू दे.

वडोदऱ्याची_वहिनी
इतके दिवस वाचत होते. लिहू की नको असं झालं होतं.

आमचं लग्न वडोदऱ्याला दांडिया बाजारच्या जुन्या घरी झालं, ५५ माणसं, अगदी तुमच्यासारखंच. सगळं सुरेख. चौकात रांगोळी, सनईवाला खराखुरा, चारच वस्तूंचं जेवण. लोक आजही म्हणतात की असं लग्न पाहिलं नाही.

चार महिन्यांनी फोटो नीट लावायला बसलो. अंतरपाट दूर होतो त्या क्षणाचे सात फोटो आहेत. सासूबाई एकातही नाहीत. पुढे सप्तपदीत नाहीत. जेवणाच्या पंगतीत आहेत, वाढताना, पाठमोऱ्या. मी नवऱ्याला विचारलं, तोही गोंधळला. मग त्यांनाच विचारलं. म्हणाल्या, "अगं, पुऱ्यांचं तेल तापलं होतं आणि मदतीचा पोरगा कुठे गेला कळेना, सोडून कशी येऊ?" अगदी सहज म्हणाल्या. तक्रार नव्हती. मुलाचं लग्न मागच्या पडवीतून ऐकलं त्यांनी. "सावधान" ऐकलं तेव्हा तिथूनच चार पुऱ्यांच्या पिठाच्या गोळ्या टाकल्या म्हणे, अक्षता म्हणून, कढईच्या कडेला.

हॉलमध्ये मॅनेजर असतो, त्याला पैसे दिलेले असतात. घरी लग्न करता तेव्हा तो मॅनेजर घरातलीच एखादी बाई असते आणि तिला कोणी विचारलेलं नसतं. तुम्ही "काय विसरलात" विचारलंत. आम्ही त्यांना विसरलो.

गराडू
...

बाफला
वहिनी. माझ्या लग्नाचे फोटो उद्या काढून बघते. भीती वाटतेय.

जुना_राजवाडा
आत्याच्या लग्नात माझी आई कुठे होती ते मला आठवत नाही. दिवसभर आठवतोय.

आचारी_नाही_हौशी
मग सरळ सांगतो, कसं करायचं. मुहूर्ताच्या अर्धा तास आधीपासून सप्तपदी संपेपर्यंत भट्टी बंद. तेल उतरवायचं. पुऱ्या नंतर गरम तळायच्या, पंगत वीस मिनिटं उशिरा बसली तर कोणी मरत नाही. हलवायाला हे आगाऊ देतानाच सांगायचं, नाहीतर तो ऐन वेळी "ताई, तेल" म्हणून हाक मारतोच. आणि चहाची जबाबदारी घराबाहेरच्या माणसाकडे, पैसे देऊन. आत्येबहिणीकडे, वहिनीकडे अजिबात नाही.

शून्य_कचरा
आणि किल्ल्या! कपाटाची किल्ली, कोठीची किल्ली, पूजेच्या ताटातली सुपारी. दर पाच मिनिटांनी "आई, अमकं कुठंय?" होतं. एक शेजारीण ठरवा, तिला आदल्या दिवशी सगळं दाखवा. किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला.

पोहेवाली
मंडळी, काल हा अख्खा धागा आईला वाचून दाखवला. वहिनींची पोस्ट आली तेव्हा ती भाजी निवडत होती. थांबली नाही. पण बराच वेळ तीच तीच काडी निवडत राहिली.

मग म्हणाली, "तुझ्या आजीने माझ्या लग्नात हेच केलं होतं." आणि लगेच, "पण मला मंगलाष्टकाचं एक कडवं हवं, म्हणायला. चौथं. पहिलं नको, पहिल्याला आवाज लागत नाही."

तर ठरलेलं असं. हिंदू विवाह कायद्याने, विधी करून, नंतर नोंदणी. गुरुजी येणार, पण कन्यादान नाही, हे त्यांच्याशी आधीच बोलून झालंय. ते म्हणाले, दक्षिणा मात्र पूर्ण घेईन. आदल्या रात्री हळद आणि बाफले. सकाळी पोहे-जिलेबी बाहेरून. मुहूर्ताला भट्टी बंद. किल्ल्या समोरच्या देशपांडे काकूंकडे, त्या म्हणाल्या, मला लग्नात बसायचं कंटाळवाणंच होतं. घोडी नाही, त्याऐवजी नवरा त्याच्या मामाच्या स्कूटरवर मागे बसून येणार, तोरणाची काठी हातात. तिकडच्या आजींना फार आवडलं.

नळाचे दिवस कॅलेंडरवर मांडले. गुरुजींनी काढलेल्या तीन मुहूर्तांपैकी दोन नळाच्या दिवशी येतात. त्यातला एक घेतला.

कडी बसवली.

नर्मदामाई
आता कसं. आणि माणसं किती झाली?

पोहेवाली
८३.

कानपिळ्या
पेपरवाला धरून?